चोवीस तास पहारा, तरी आत्महत्या कशी?

प्रश्न : तुरुंगात एका कच्च्या कैद्याने आत्महत्या केल्याची बातमी मध्ये वाचली. भिंती, झडती, पहारेकरी, सीसीटीव्ही, एवढं सगळं असताना असं घडतंच कसं? एकेका बराकीत शंभर-शंभर माणसं झोपतात म्हणे. मग कुणाच्याच लक्षात कसं येत नाही? आणि हे खरोखर थांबवता येतं का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. थांबवता येतं, बहुतेक वेळा. ‘ज्याला मरायचंच आहे त्याला कोण अडवणार?’ असं तुरुंगाच्या फाटकाबाहेर आणि फाटकाच्या आतही फार सहज बोललं जातं. ते खरं नाही. अमेरिकेत खटला सुरू होण्याची वाट पाहणाऱ्यांना ठेवतात त्या स्थानिक तुरुंगांत १९८६ साली दर लाख कैद्यांमागे १०७ आत्महत्या होत होत्या. २००६ साली हा आकडा ३८ वर आला. तिथले कैदी काही वीस वर्षांत अधिक सुखी झाले नव्हते. मधल्या काळात दाखल होतानाच नीट विचारपूस करायची, कर्मचाऱ्यांना शिकवायचं, धोका दिसला की त्या माणसावर वेगळं लक्ष ठेवायचं, ही पद्धत तिथे रुजली.

आपल्याकडचे आकडे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दरवर्षी देतो. २०२१ मध्ये देशातल्या तुरुंगांत १५० कैद्यांनी आत्महत्या केली, २०२२ मध्ये ११९ जणांनी. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्यायमूर्ती अमिताव रॉय समितीने २०१७ ते २०२१ या पाच वर्षांचा हिशेब मांडला. त्या काळात तुरुंगांत ८१७ अनैसर्गिक मृत्यू झाले आणि त्यांपैकी ६६० आत्महत्या होत्या. मारामारी, खून, अपघात हे सगळं एकत्र केलं तरी ते पाचात एक भरतं. तुरुंगातल्या हिंसेचं जे चित्र सिनेमामुळे आपल्या डोळ्यांपुढे असतं, त्यात ही गोष्ट कुठेच नसते.

बाहेरच्या जगाशी तुलना केली, तर २०२२ मध्ये देशात दर लाख लोकांमागे १२.४ आत्महत्या झाल्या. त्याच वर्षअखेरीस तुरुंगांत ५ लाख ७३ हजार २२० कैदी होते. त्या हिशेबाने तुरुंगातलं प्रमाण लाखामागे २१ च्या आसपास येतं. ही तुलना काटेकोर नाही. कैद्यांत मुलं-बाळं नसतात, बहुतेक तरुण आणि मध्यमवयीन पुरुष असतात, आणि वर्षभरात आत-बाहेर करणारी माणसं वर्षअखेरच्या संख्येपेक्षा कितीतरी जास्त असतात. तरीही एक गोष्ट उरतेच. ज्या माणसाच्या कमरेचा पट्टासुद्धा सरकार काढून घेतं, ज्याचं जेवण, झोप, औषध, भेटीगाठी सगळं सरकारच्या हातात असतं, त्याच्या जिवाची जबाबदारी तरी आणखी कुणाची असणार?

आता ‘कसं घडतं’ याकडे येऊ. मार्गांचं वर्णन मी मुद्दाम करणार नाही. ते छापल्याने कुणाचं भलं होत नाही, उलट नुकसान होतं. कधी घडतं, हे मात्र सांगायलाच हवं, कारण सगळी किल्ली तिथे आहे.

सगळ्यांत धोक्याचा काळ म्हणजे आत आल्यानंतरचे पहिले काही तास आणि दिवस. न्यायालयाने न्यायालयीन कोठडी दिली की पोलिसांची गाडी संध्याकाळी तुरुंगाच्या फाटकाशी येते. कधी कधी तोवर आतली शेवटची मोजणी होऊन बराकी बंद व्हायला आलेल्या असतात. सगळ्यांनाच घाई असते. ओळीत बसवतात. नाव, बापाचं नाव, गाव, कलम. अंगावरच्या दोन ओळखीच्या खुणा लिहून घेतात. कपडे उतरवून झडती होते. पैसे, घड्याळ जमा होतं. डॉक्टर किंवा त्यांचा मदतनीस विचारतो, ‘काही आजार? काही गोळ्या चालू आहेत?’ पुढे-मागे अनोळखी माणसं उभी आहेत, शेजारी शिपाई आहे. अशा ओळीत कोण सांगणार की रात्री झोप लागत नाही, मागच्या वर्षी जीव द्यायचा प्रयत्न केला होता, दारू सुटल्यामुळे हात थरथरताहेत? ‘नाही’ असं उत्तर येतं, रकाना भरला जातो आणि माणूस बराकीत जातो. पूर्वी कधी प्रयत्न केला होता का, आत्ता मनात तसं काही येतंय का, हे दोन प्रश्न जगभरच्या अभ्यासांत सर्वाधिक मोलाचे ठरले आहेत. पाच मिनिटं, एक आडोसा आणि ऐकून घेणारा माणूस, एवढ्यावर ते विचारता येतात. तेवढ्याचीच वानवा आहे.

त्या पहिल्या रात्री त्याच्या डोक्यात काय चाललं असेल, याची कल्पना करून पाहा. घरच्यांना कळलं का, हे त्याला माहीत नाही. वकील कोण, हे माहीत नाही. पुढची तारीख कधी, तेव्हा काय होईल, माहीत नाही. गावात काय बोललं जातंय, याचा अंदाज मात्र पक्का आहे. गुन्हा घरातल्याच कुणाबद्दलचा असेल, तर लाज आणि शोक एकदमच अंगावर आलेले असतात. व्यसन असेल, तर शरीरही त्याच रात्री उलटतं. २०२२ च्या आकड्यांत तुरुंगातले तीन-चतुर्थांशांहून जास्त लोक, ७५.८ टक्के, असे कच्चे कैदी होते. कायद्याच्या दृष्टीने असे कैदी अजून निर्दोष असतात.

पुढचे धोक्याचे दिवसही आधी ओळखता येतात. जामीन फेटाळला गेला तो दिवस. शिक्षा सुनावली तो दिवस, विशेषतः जन्मठेपेची. मुलाकातीला बायको आली नाही तो आठवडा. घरून मृत्यूची किंवा सोडचिठ्ठीची बातमी आली ती संध्याकाळ. काचेपलीकडून, फोनच्या खरखरीत, आजूबाजूच्या गलक्यात बायको सांगते की घरमालकाने खोली खाली करायला सांगितली, थोरल्याने शाळा सोडली. वेळ संपते, फोन बंद होतो, तो आत परततो. त्याच्या हातात काय आहे याची झडती होते. त्याने काय ऐकलं, हे कुणी विचारत नाही. कारागृह शिपायाला ते कळण्याची सोयच नाही. न्यायालयाच्या फेरीवरून परतलेल्या कैद्याचंही तेच. जामीन फेटाळल्याचा कागद कार्यालयात जातो, रात्रपाळीच्या शिपायापर्यंत पोहोचत नाही.

तुमच्या पत्रात बराकीतल्या गर्दीचा मुद्दा आहे. त्यावर थोडं थांबतो, कारण इथे आपला अंदाज चुकतो. तुरुंगातल्या आत्महत्यांवरच्या अनेक देशांतल्या अभ्यासांत पुनःपुन्हा एक गोष्ट दिसते : एकट्याने कोठडीत असणं हा मोठा धोका आहे. ज्यांना भेटायला कुणी येत नाही, त्यांनाही धोका जास्त. उत्तर युरोपातल्या काही देशांत गर्दी कमी, खोली स्वच्छ, जेवण चांगलं, तरीही तुरुंगातल्या आत्महत्यांचं प्रमाण आपल्यापेक्षा कितीतरी जास्त आहे. म्हणजे आपल्याकडची शंभर जणांची बराक ही एका अर्थी राखणही करते. शेजारी झोपणाऱ्याला कळतं की हा दोन दिवस जेवला नाही, भिंतीकडे तोंड करून पडून असतो, आपली चादर-वाटी दुसऱ्याला देऊन टाकतो आहे.

म्हणजे लक्षात येतं, वाचक महाराज. कुणाच्या तरी नक्की येतं. अडतं ते पुढे. सांगायचं कुणाला? शिपायाला सांगितलं तर तो ‘नाटक करतोय’ म्हणतो. वर कळवलं तर त्या कैद्याला वेगळ्या कोठडीत टाकतात, म्हणजे नेमकं त्याला एकटं करतात. आणि काही झालंच तर चौकशीत सांगणाऱ्यालाच उभं राहावं लागतं. अशा ठिकाणी माणूस गप्प राहायला शिकतो.

याचा अर्थ गर्दी चांगली, असा कुणी काढू नये. मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगाची क्षमता हजाराच्या आत आहे आणि आत तीन हजारांहून जास्त माणसं ठेवली जातात. २०२२ मध्ये देशभर मिळून शंभराच्या जागी १३१ कैदी होते. कर्मचाऱ्यांची तीस टक्क्यांच्या आसपास पदं रिकामी. अशा तुरुंगात शिपाई माणसं मोजू शकतो, त्यांच्याकडे बघू शकत नाही. सकाळ-संध्याकाळची संख्या बरोबर आली की त्याचं काम झालं. हा त्याचा दोष म्हणता येत नाही. त्याला शिकवलंच तेवढं आहे.

मग मनाचे डॉक्टर? इंडिया जस्टिस रिपोर्टच्या २०२५ च्या अहवालाप्रमाणे देशातल्या पावणेसहा लाख कैद्यांसाठी तुरुंगांत मानसशास्त्रज्ञ आणि मनोविकारतज्ज्ञ मिळून आहेत २५. म्हणजे सुमारे तेवीस हजारांमागे एक. २०१६ च्या आदर्श कारागृह नियमावलीचं माप पाचशे कैद्यांमागे एक असं आहे. त्या मापाने अकराशेंहून अधिक हवेत. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चं कलम १०३ सांगतं की प्रत्येक राज्यात किमान एका तुरुंगाच्या वैद्यकीय विभागात मानसिक आरोग्य केंद्र असलंच पाहिजे. कायदा चांगला आहे. माणसं नेमली नाहीत, तर तो कागदावरच राहतो.

राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने जून २०२३ मध्ये सगळ्या राज्यांना याच विषयावर सूचना पाठवल्या. बराकी आणि शौचालयांची रचना सुरक्षित करा, धोकादायक वस्तू हाताशी ठेवू नका, हे त्यात आहेच आणि ते करायलाच हवं. घातक साधन हाताशी नसेल तर तो एक क्षण टळतो आणि टळलेला क्षण पुष्कळदा परत येत नाही. पण माझी तक्रार अशी की आपल्याकडे यंत्रणा नेमकं एवढंच करते, कारण ते मोजता येतं, निविदा काढता येते, फोटो लावून अहवाल पाठवता येतो. त्याच सूचनांमधला दुसरा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो : दाखल होतानाच्या आरोग्य तपासणीत मानसिक तपासणी घाला, शिपायांना मानसिक आरोग्याचं प्राथमिक शिक्षण द्या, निवडक कैद्यांना शिकवून धोक्यातल्या कैद्याचा सोबती करा, घरच्यांशी फोनवर बोलू द्या.

यातला कैद्यांनीच कैद्यांना सांभाळण्याचा मार्ग जुना आणि पारखलेला आहे. वेल्समधल्या स्वान्सी तुरुंगात १९९१ साली समॅरिटन्स या संस्थेने काही कैद्यांना ऐकून घ्यायला शिकवलं. त्यांना तिथे ‘लिसनर’ म्हणतात. रात्री दोन वाजतासुद्धा एखाद्याने मागितला तर लिसनर त्याच्या खोलीत येऊन बसतो, आणि ऐकलेलं बाहेर जात नाही. तिथून ही योजना ब्रिटनभरच्या तुरुंगांत पसरली. आपल्या बराकीत तर शेजारी आधीपासूनच आहे. त्याला थोडं शिकवायचं, त्याने सांगितलेलं गांभीर्याने घ्यायचं आणि सांगितल्याबद्दल त्याला त्रास होणार नाही याची हमी द्यायची. सर्वोच्च न्यायालयानेही सप्टेंबर २०१७ मध्ये, देशातल्या १३८२ तुरुंगांच्या स्थितीबद्दलच्या प्रकरणात, पहिल्यांदाच तुरुंगात आलेल्यांसाठी समुपदेशक नेमायला आणि कुटुंबाच्या भेटींना उत्तेजन द्यायला सांगितलं होतं.

महाराष्ट्रात काही चांगलं घडलंय, तेही सांगायला हवं. येरवडा तुरुंगात २०२२ साली कैद्यांना स्मार्ट कार्डावर घरी फोन करायची सोय सुरू झाली. ‘गळाभेट’ उपक्रमात कैद्यांना आपल्या लेकरांना काचेशिवाय, जवळ घेऊन भेटता येतं. टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून मुंबई परिसरातल्या पोलीस ठाण्यांत आणि तुरुंगांत सामाजिक कार्यकर्ते पाठवतो. घरी निरोप देणं, वकील मिळवून देणं, जामिनाची कागदपत्रं जमवणं, अशी कामं ते करतात. यातल्या एकाही गोष्टीच्या नावात आत्महत्या प्रतिबंध हे शब्द नाहीत. तरी मला विचाराल तर प्रतिबंध हाच. ज्याला उद्या मुलीचा आवाज ऐकायचा आहे, ज्याला आपली तारीख आणि वकिलाचं नाव ठाऊक आहे, त्याची रात्र निभावते.

एक कायद्याची गाठ मात्र अजून सुटायची आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ११५ धरून चालतं, आणि असा प्रयत्न गुन्हा ठरवणारं जुन्या दंडसंहितेचं कलम ३०९ नव्या भारतीय न्याय संहितेत घेतलेलं नाही. पण नव्या संहितेचं कलम २२६ सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेल्या प्रयत्नाला गुन्हा मानतं. तुरुंगात कैद्याभोवती सगळे सरकारी नोकरच असतात. तिथे खऱ्या हतबलतेलाही ‘दबाव’ म्हणणं किती सोपं आहे! ज्या क्षणी मदत मागण्याची शिक्षा मिळू लागते, त्या क्षणी मदत मागणं थांबतं. हे कलम तुरुंगात वापरूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.


प्रश्न : कैद्याचा तुरुंगात असा मृत्यू झाला तर चौकशी कोण करतं? घरच्यांना भरपाई मिळते का?
– एक वाचक, अकोला

उत्तर : न्यायालयाच्या आदेशाने कोठडीत असलेल्या माणसाचा मृत्यू झाला, तर न्यायदंडाधिकाऱ्यांनी चौकशी करायची, अशी तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९६ मध्ये आहे. ही चौकशी पोलीस तपासाव्यतिरिक्त असते. कोठडीतल्या मृत्यूची खबर २४ तासांत राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला कळवायचा दंडकही १९९३ पासून आहे. नातेवाईक स्वतःही आयोगाकडे तक्रार करू शकतात.

भरपाईबद्दल महाराष्ट्र मंत्रिमंडळाने एप्रिल २०२५ मध्ये धोरण मंजूर केलं. कामावरचा अपघात, वैद्यकीय हलगर्जी, मारहाण अशा कारणांनी कोठडीत अनैसर्गिक मृत्यू झाल्यास वारसांना ५ लाख रुपये आणि आत्महत्या असल्यास १ लाख रुपये. हा फरक मला पटत नाही. विचारपूस न झाल्याने, औषध बंद पडल्याने, धमक्यांकडे दुर्लक्ष झाल्याने झालेली आत्महत्या हीसुद्धा हलगर्जीच असते. कोणती कशामुळे झाली, हे चौकशीनंतरच ठरवायला हवं.


प्रश्न : आमच्या जवळच्या नात्यातला मुलगा न्यायालयीन कोठडीत आहे. पहिल्यांदाच. मुलाकातीत तो ‘आता माझी वाट पाहू नका’ असं बोलला. आम्ही काय करावं?
– नाव-गाव न छापण्याची विनंती

उत्तर : ताई, हे बोलणं खरं धरा. ‘रागाने बोलला असेल’ म्हणून सोडून देऊ नका. हे छापून येईपर्यंत थांबणं योग्य नव्हतं, म्हणून तुम्हाला टपालाने आधीच कळवलं आहे. इतरांच्या उपयोगासाठी इथे पुन्हा लिहितो.

आजच कारागृह अधीक्षकांच्या नावे साध्या कागदावर अर्ज लिहा. तो काय बोलला, कोणत्या तारखेला बोलला, पूर्वी कधी त्याने असा प्रयत्न केला होता का, कोणत्या गोळ्या चालू होत्या, दारू किंवा इतर व्यसन होतं का, हे सगळं लिहा. कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी तपासावं आणि त्याला एकटं ठेवू नये, अशी मागणी करा. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. जुनी औषधाची चिठ्ठी असेल तर तिची प्रत जोडा. बाहेर चालू असलेली मनाच्या आजाराची औषधं आत गेल्यावर एकदम बंद पडणं, हे पुष्कळ अनर्थांचं मूळ असतं.

तोच अर्ज वकिलांमार्फत न्यायालयातही द्या. न्यायालय तपासणीचा आणि उपचारांचा आदेश देऊ शकतं. गरज पडल्यास येरवडा, ठाणे, नागपूर किंवा रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात पाठवण्याची मागणी करता येते. वकील नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. तिथे कोठडीतल्या माणसाला वकील फुकट मिळतो. त्यांचा देशभरचा दूरध्वनी क्रमांक १५१०० आहे.

जामीन मंजूर होऊनही पैशांअभावी अडला असेल, तर गरीब कैद्यांसाठी केंद्राची २०२३ ची योजना आहे. त्यातून कच्च्या कैद्याला पैशांची मदत मिळू शकते. त्यासाठीही प्राधिकरणाकडेच जायचं. शिवाय पहिल्याच गुन्ह्यातल्या कच्च्या कैद्याने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एक-तृतीयांश काळ आत काढला असेल, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे त्याची सुटका व्हायला हवी. जन्मठेप किंवा फाशी होऊ शकते अशा गुन्ह्यांना आणि एकापेक्षा जास्त खटले चालू असलेल्यांना हे लागू नाही.

आणि भेटीत त्याला सरळ विचारा, ‘जीव द्यावासा वाटतोय का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात भरतो, ही समजूत चुकीची आहे. विचारल्याने माणूस मोकळा होतो. गुन्ह्याबद्दल तिथे बोलू नका, उपदेश करू नका. पुढची तारीख, वकिलाचं नाव, तुम्ही पुन्हा कधी येणार, एवढं पक्कं सांगा आणि सांगितलेल्या दिवशी जा. वाईट बातमी सांगणं भागच असेल, तर आधी अधिकाऱ्यांना कळवा, म्हणजे त्या रात्री त्याच्यावर लक्ष ठेवता येईल.

घरात तुमचीही झोप उडाली असेल. टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक फुकट आणि दिवसरात्र चालू असतो. मराठीतून बोलता येतं. ज्यांच्या घरचं कुणी आत्ता आत आहे, त्या सगळ्यांना माझं एकच कळकळीचं सांगणं : कितीही राग असो, कितीही लाज वाटत असो, पहिल्या आठवड्यातली भेट चुकवू नका.